'आत्ता नको, नंतर': अपडेट कधी घ्यावं, कधी लांबवावं

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला निरोप दिला, म्हणजे तिच्या नेहमीच्या दुरुस्त्या बंद केल्या, आणि पुढची विंडोज ११ बऱ्याच जुन्या मशीनना चालत नाही. तेव्हापासून ज्याला ज्याला 'कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं' त्याच्या मागे एकच प्रश्न लागला आहे. सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस असो, कोथरूडमधले निवृत्त काका असोत, नाहीतर अप्पा बळवंत चौकाजवळचा डीटीपीवाला, सगळ्यांचं म्हणणं तेच: मशीन ठणठणीत आहे, कधी कुरकुर नाही, मग नवं कशाला घ्यायचं? २०१५ मध्ये विंडोज १० आली तेव्हा कंपनीच्याच एका माणसाने एका परिषदेत 'ही विंडोजची शेवटची आवृत्ती' असं सांगून टाकलं होतं. ते ज्यांना आठवतंय ते जास्तच चिडलेत.

चिडणं रास्त आहे. फक्त राग एकावर आणि शिक्षा दुसऱ्याला, असं होतंय.

एका बटणाखाली तीन गोष्टी

विंडोज, ॲण्ड्रॉइड, आयओएस या ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्र आणि आपली ॲप यांच्या मधे बसून सगळा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. तिच्यात होणाऱ्या बदलाला आपण सरसकट अपडेट म्हणतो. पण त्या बटणाखाली कंपन्या तीन निरनिराळ्या गोष्टी घालतात.

पहिली म्हणजे पॅच: प्रणालीत सापडलेलं भोक बुजवणारी छोटी दुरुस्ती. ती झाली की नाही हे डोळ्यांना दिसतही नाही. दुसरी म्हणजे रंगरंगोटी: मेनू इकडचा तिकडे, आयकॉन गोल, आणि कुणी न मागितलेला एआय मदतनीस कोपऱ्यात येऊन बसलेला. तिसरी म्हणजे नारळ: 'तुमच्या मशीनला यापुढे काही मिळणार नाही.' हा तांत्रिक निर्णय कमी आणि व्यवहार जास्त.

आपल्याला वैताग येतो दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीचा. पण 'आत्ता नको, नंतर' दाबून आपण अडवतो ती पहिली, म्हणजे नेमकी जी आपल्या फायद्याची असते ती. तिन्ही एकाच दारातून आत सोडायच्या ही कंपन्यांची सोय आहे, आणि लोक अपडेटला घाबरतात याचा मोठा दोष मी त्या सोयीला देतो.

'काल तर नीट चालत होतं, मग दुरुस्ती कसली?'

भोक काल पडलेलं नसतं. ते पहिल्या दिवसापासून तिथेच असतं, काल फक्त कुणाला तरी सापडलं. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कोट्यवधी ओळींचा मजकूर असतो, हजारो माणसांनी वर्षानुवर्षं लिहिलेला. त्यात चूक राहणारच नाही असं छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर तो विक्री विभागातला माणूस समजावा.

मायक्रोसॉफ्ट २००३ पासून हे पॅच ठरलेल्या दिवशी सोडते: दर महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. म्हणून पुण्यात ऑफिस उघडल्यावर पुढ्यात येतो तो बुधवार. पुणेकरांना ही पद्धत नवी वाटायला नको. महापालिका देखभालीची कामं साठवून ठेवते आणि गुरुवारी पाणी बंद करून एकदम उरकते. रोज थोडं थोडं पाणी तोडण्यापेक्षा एक ठरलेला दिवस सगळ्यांनाच परवडतो.

यातली एक खोच मात्र फारशी कुणी सांगत नाही. पॅच जाहीर झाला की तो चोरांच्याही हाती पडतो. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवून काय बदललं ते पाहिलं की भोक नेमकं कुठे होतं ते कळतं. म्हणजे दुरुस्ती येण्यापूर्वी जे गुपित मोजक्यांना ठाऊक होतं, ते दुरुस्ती आल्यावर ज्यांनी ती घेतलेली नाही त्यांच्यापुरतं जगजाहीर होतं. त्यामुळे 'नंतर'चा धोका दिवसागणिक वाढत जातो.

२०१७ चं वॉनाक्राय प्रकरण याचंच ढळढळीत उदाहरण. विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या जुन्या व्यवस्थेत एक भोक होतं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला ते माहीत होतं, आणि तिने त्यासाठी हत्यारही बनवून ठेवलं होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला पॅच काढला. एप्रिलमध्ये एनएसएचं हत्यार फुटून इंटरनेटवर आलं. १२ मे रोजी ते वापरून हल्ला झाला: सुमारे दीडशे देश, दोन लाखांहून जास्त संगणक, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं ठप्प, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही संगणकांनाही फटका. पडद्यावर लाल चौकट, फाइली कुलूपबंद, आणि ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये भरा अशी मागणी. सर्वाधिक मार बसला तो विंडोज ७ च्या मशीनना, ज्यांच्यासाठी दुरुस्ती दोन महिने आधीपासून तयार होती.

'पण माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय?'

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुणीतरी चोर यादी घेऊन घरं निवडतोय असं चित्र असतं. तसं कुणी निवडत नाही. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक चाचपून पाहणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. भोक सापडलं की आत शिरायचं, मग मशीन बँकेचं आहे की बिबवेवाडीतल्या शिकवणीचं, याची त्यांना फिकीर नसते. 'मी अनोळखी लिंकवर क्लिकच करत नाही' हेही पुरेसं नाही. वॉनाक्रायला कुणाच्या क्लिकची गरज नव्हती. एका मशीनमधून शेजारच्या मशीनमध्ये ते आपलं आपण पसरत होतं.

आणि चोरण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्याच्याच फोनवर यूपीआय असतं, बँकेचे ओटीपी येतात, आधार आणि पॅनचे फोटो गॅलरीत पडलेले असतात.

रीस्टार्टचं एवढं स्तोम का?

चालू असलेल्या प्रोग्रामच्या फाइली विंडोज सहसा बदलू देत नाही. प्रणालीच्या गाभ्यातल्या फाइली तर मशीन चालू असेपर्यंत सतत वापरात. पाण्याची मुख्य लाइन बदलायची तर नळ बंद ठेवावेच लागतात, तसंच हे. लिनक्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारे यावर गालात हसतात, कारण त्यांच्याकडे चालू प्रोग्रामखालची फाइल बदलता येते. पण प्रणालीचा गाभा बदलला की साधारणपणे त्यांनाही मशीन रीस्टार्ट करावंच लागतं.

इथे एक गोम आहे. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं तरी बहुतेक मशीन पूर्ण बंद होत नाहीत. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून प्रणालीचा गाभा आहे त्या अवस्थेत डिस्कवर जपून ठेवला जातो. म्हणजे रोज संध्याकाळी इमानेइतबारे बंद होणारा कॉम्प्युटर आतून आठवडेच्या आठवडे तोच जुना डाव पुढे खेळत असतो. 'बंद करून चालू केलं, तरी फरक नाही' या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं. रीस्टार्ट केलं की मात्र सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

आणि तो ३० टक्क्यांवर अडकलेला आकडा? तो वेळ दाखवत नाही, कामाच्या किती पायऱ्या झाल्या ते ढोबळमानाने दाखवतो. एक पायरी दोन सेकंदांची, पुढची वीस मिनिटांची. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तासभरही जातो. तेवढ्यात बटण दाबून धरून मशीन बंद करणं सर्वांत वाईट. वीज गेली तर विंडोज पुढच्या वेळी केलेले बदल मागे घ्यायचा प्रयत्न करते आणि बहुधा ते जमतंही. पण यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर मोठं अपडेट गुरुवारी लावू नये. पुण्यात गुरुवारी पाण्यासोबत वीजही 'देखभाल दुरुस्तीसाठी' जाते, हे नव्याने सांगायला नको.

फोनचं जरा बरं आहे. अलीकडच्या बऱ्याच ॲण्ड्रॉइड फोनमध्ये प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय असते. एक आपण वापरत असताना दुसरीत नवी आवृत्ती भरली जाते आणि रीस्टार्टच्या वेळी फोन तिच्यावर उडी मारतो. नवी सुरूच झाली नाही तर जुनीवर परततो.

अपडेटनंतर फोन तापतो, बॅटरी पळते

खरं आहे, आणि सहसा तात्पुरतं आहे. मोठ्या अपडेटनंतर फोन सगळी ॲप नव्या प्रणालीशी पुन्हा जुळवून घेतो, फोटो आणि फाइलींची शोधसूची नव्याने बनवतो, मागे राहिलेली ॲप अपडेट करतो. हे सगळं पाठीमागे चालू असतं, वर आपण हातात घेऊन 'बघू काय नवीन आलंय' करत असतो. गुरुवारच्या पाणीबंदच्या जाहिरातीत शेवटची ओळ ठरलेली असते: 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' फोनचाही एक-दोन दिवस शुक्रवार असतो. रात्री चार्जिंगला आणि वायफायवर ठेवला की काम लवकर उरकतं. चार-पाच दिवसांनीही तीच रड असेल तर मात्र आधी मोकळी जागा पाहावी. शुभ सकाळच्या फुलांनी गॅलरी तुडुंब भरलेली असताना दोष अपडेटला देण्यात अर्थ नाही.

'अपडेटमुळेच बिघडतं, त्याचं काय?'

बिघडतं. हे नाकारणाऱ्यांनी १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवावा. भारतात सकाळी पावणेदहाच्या सुमारास, म्हणजे ऑफिसं उघडत असताना, क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने जगभरातल्या ग्राहकांना एक छोटीशी फाइल पाठवली. त्या फाइलीत आणि ती वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये मेळ नव्हता: फाइलीला २१ रकाने अपेक्षित, प्रोग्रामने पुरवले २०. तो प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात बसून काम करणारा, त्यामुळे तो कोसळला आणि त्याच्यासोबत अख्खी विंडोज. सुमारे ८५ लाख मशीन बंद पडून नुसता निळा पडदा दाखवू लागली. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने चूक ७८ मिनिटांत मागे घेतली, पण कोसळलेलं मशीन इंटरनेटपर्यंत पोचणारच कसं? बहुतेक ठिकाणी कुणीतरी प्रत्येक मशीनसमोर बसून, सेफ मोडमध्ये (म्हणजे विंडोज अगदी जुजबी रूपात सुरू करून) ती एक फाइल पुसायची, एवढाच इलाज होता.

पुष्कळांनी तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या नावाने खडे फोडले. ते अपडेट मायक्रोसॉफ्टचं नव्हतंच. खरी चूक होती ती एकाच वेळी सगळ्यांना पाठवण्यात. शहाणी पद्धत अशी की आधी थोड्या लोकांना द्यायचं, काही बोंब झाली नाही तर पुढच्यांना. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या फोनवर अपडेट येऊन आठवडा झाला आणि तुमच्याकडे अजून पत्ता नाही, असं होतं ते बऱ्याचदा यामुळेच. त्यात दुःख मानू नये. तुमच्या आधीचे लोक फुकटात चाचणी करून देत असतात.

यातून घरगुती नियम निघतो तो असा: दरमहाचा सुरक्षा पॅच दोन-चार दिवसांत घेऊन टाकावा. आवृत्ती बदलणारं मोठं अपडेट, म्हणजे ॲण्ड्रॉइडचा किंवा विंडोजचा आकडाच बदलतो ते, तीन-चार आठवडे खुशाल लांबवावं. विंडोजमध्ये अपडेट काही काळ थांबवण्याची सोय आहे. आणि मोठं काही लावण्याआधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे ठेवाव्यात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, विवरणपत्रांची झुंबड असताना, सीएच्या ऑफिसात आवृत्ती बदलायला घेणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते प्रत्येकाने आपल्या संस्कारांप्रमाणे ठरवावं.

'कंपन्या मुद्दाम जुने फोन मंद करतात, हे तरी खरं ना?'

एका प्रकरणात अर्धं खरं निघालं. २०१७ मध्ये ॲपलने आयओएस १०.२.१ मधून काही जुन्या आयफोनचा वेग गुपचूप मर्यादित केला. बॅटरी म्हातारी झाली की एका क्षणात लागणारी जास्तीची वीज तिला पुरवता येत नाही आणि फोन अचानक बंद पडतो. ते टाळण्यासाठी वेग कमी केला, हा त्यांचा खुलासा. खुलासा तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखा आहे. पण ग्राहकाला हे सांगितलंच नाही, त्यामुळे ज्याचं काम नव्या बॅटरीत भागलं असतं तो नवा फोन घेऊन आला. बोभाटा झाल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोचा दंड भरला.

बाकी बहुतेक वेळा कट वगैरे नसतो. ॲप लिहिणारे नव्या, ताकदवान फोनवर बसून लिहितात आणि जुना फोन धापा टाकायला लागतो. हेतू नसला तरी परिणाम तोच, हे मात्र कबूल.

नारळ मिळाल्यावर

आता विंडोज १० कडे येऊ. आधार संपला म्हणजे मशीन बंद पडत नाही. हिशेबाची टॅली चालेल, छपाई होईल. फक्त यापुढे सापडणारी भोकं बुजवली जाणार नाहीत. विंडोज ११ साठी अट आहे टीपीएम २.० ची. टीपीएम म्हणजे कुलपांच्या गुप्त किल्ल्या वेगळ्या जपणारी चिप किंवा प्रोसेसरमधलीच तशी सोय. त्यावर प्रोसेसरही ठरावीक यादीतला हवा, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. चिपची अट समजू शकते. पण २०१७ मध्ये दुकानात नवीकोरी विकली गेलेली सातव्या पिढीची मशीन काही अपवाद वगळता सरसकट बाद करणं, याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

उपाय आहेत. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा पॅच मिळतात. मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही पडत नाहीत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा असतो. त्यानंतर, ज्या मशीनवर फक्त ब्राउझर, ईमेल आणि यूट्यूब चालतं, तिथे लिनक्स मिंट हा उत्तम पर्याय आहे. तो फुकट आहे, जुन्या मशीनवर बरा पळतो, आणि त्यात मराठी टायपिंग होतं. टॅलीवाल्यांना मात्र तो रस्ता नाही. टॅली विंडोजवरच चालते.

अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांचा प्रश्न वेगळाच. त्यांच्यातल्या कित्येकांचा संसार अजून पानं जुळवण्याचा पेजमेकर हा प्रोग्राम आणि युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट (म्हणजे अक्षरांची आजची सर्वमान्य संगणकी पद्धत येण्याआधीचे) यांवर चाललाय. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ मधली. शेकडो पुस्तकांच्या जुन्या फाइली त्यात अडकलेल्या. त्यांना 'अपग्रेड करा' असं सांगणं म्हणजे दुकान बंद करा सांगण्यासारखं. त्यांनी ते मशीन तसंच ठेवावं, फक्त इंटरनेटची वायर काढावी, वायफाय बंद करावं, आणि येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या अद्ययावत मशीनवर तपासून मगच लावावा. निव्वळ जुनेपणाने मशीन धोकादायक होत नाही, जुनं असून जगाशी जोडलेलं राहिलं की होतं.

अपडेटच्या वेषात येणारा चोर

व्हॉट्सॲपवर 'तुमचं बँकेचं ॲप कालबाह्य झालं आहे, ही फाइल टाकून अपडेट करा' असा निरोप येतो. कधी आरटीओचं चलान असतं, कधी लग्नपत्रिका. सोबत एपीके फाइल, म्हणजे ॲण्ड्रॉइडचं ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरून बसवणारी फाइल. ती बसली आणि मागेल त्या परवानग्या दिल्या की एसएमएस वाचले जातात, ओटीपी परस्पर पळतात. खरं अपडेट निरोपातून येत नाही, फोनवर कुणी समजावून सांगत नाही. ते सेटिंग्जमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्ये असतं. घरातल्या ज्येष्ठांना बाकी काही नाही सांगितलं तरी एवढं सांगावं. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

विकत घेताना विचारायचं ते

फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो तसं 'सुरक्षा अपडेट किती वर्षं?' हेही विचारावं. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं आहे. स्वस्त फोनमध्ये ते पुष्कळ कमी असतं. ही वर्षं मोजायची ती मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून, तुम्ही घेतलं तेव्हापासून नव्हे. सेलमध्ये स्वस्त मिळालेल्या दोन वर्षं जुन्या मॉडेलची दोन वर्षं आधीच सरलेली असतात.

सेकंडहॅण्ड लॅपटॉप तापकीर गल्लीच्या आसपास घ्या की ऑनलाइन, 'आय५ आहे, फर्स्ट क्लास' यावर भागवू नका. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक मागा. आय५-७२००यू आणि आय५-८२५०यू हे दोन्ही आय५च, पण रेघेनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो: पहिला सातव्या पिढीचा, दुसरा आठव्या. दहाव्या पिढीपासून पुढे पहिले दोन आकडे पाहायचे. विक्रेता म्हणेल, 'सातवीवर पण अकरा टाकून देतो साहेब, कालच दोन दिले.' टाकता येते, अटी चुकवून. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहून ठेवलं आहे. त्यामुळे त्याला किंमत विंडोज ११ वाल्या मशीनची द्यायची नाही, लिनक्स टाकायच्या मशीनची द्यायची. आणि पेठेतल्या पद्धतीने द्यायची.